तुटका पट्टा, सीलबंद खोका

१

मिस्त्रीने नवा पट्टा बसवलाच नाही आणि त्याचे पैसे खिशात घातले, असं घटकाभर धरून चालू. त्यात मिस्त्रीला सुटलं किती?

आत्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडून पाहिलं. गाडीच्या टायमिंग पट्ट्याची किंमत एक धरली, तर त्याच दिवशी बसलेल्या बेअरिंगची दीड, पाण्याच्या पंपाची तीन आणि इंजिनाची एक बाजू उघडून पुन्हा मिटवण्याच्या मेहनतीची पाच. बेअरिंग नवं होतं, पंप नवा होता, मेहनत झालेली दिसत होती. म्हणजे साडेनऊचं काम चोख करून माणसाने एकाची चोरी केली. घरफोड्याने घाम गाळून भिंत पाडावी आणि आतून केरसुणी घेऊन जावं, तसं.

"असला चोर मी एकतीस वर्षांत पाहिला नाही," आत्या म्हणाल्या.

"मग आता बघून घे," भाचा म्हणाला. "माझा सासरा आहे."

आत्यांची एकतीस वर्षं मालाच्या गोदामात गेली होती. आलेली खोकी उघडायची, आतला माल मोजायचा, आणि कागदावर शंभर असून आत अठ्ठ्याण्णव निघाले की ते दोन कुठे गेले ते शोधायचं. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, सवय सुटली नाही. घरात त्यांना मागून सगळे 'वजाबाकी आत्या' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

भाचा नळजोडणीची कामं करायचा. पाइप लादून न्यायला त्याने निवृत्त हेडमास्तरांची जुनी गाडी घेतली. घेताना इंजिनात डोकावलासुद्धा नाही, कारण बॉनेटच्या आतल्या बाजूला सासऱ्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'टायमिंग पट्टा बदलला, ८०,२१४ किलोमीटर'. सासऱ्याची चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ. असा पट्टा पुढची पन्नास-साठ हजार किलोमीटर तरी बघायला नको.

गाडी नव्वद हजारालाही पोचली नाही. चढावर, टपावर बारा पाइप असताना, आत 'खट्' झालं आणि इंजिन मेलं. जवळच्या एका अनोळखी गॅरेजवाल्याने झाकण उघडलं आणि दोन बोटं रुंदीचं काळं रबर बाहेर ओढलं. एका बाजूचे दाते झडलेले, मधून तुटलेलं. पाठीवर गाडीच्याच कंपनीचा पुसट छाप.

"हा कारखान्यातून आलेला पट्टा आहे, साहेब," गॅरेजवाला म्हणाला. "गाडीच्या जन्मापासूनचा. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची जुळणी सुटते. पिस्टन येऊन आपटला, सगळे व्हॉल्व्ह वाकले. आता अख्खं इंजिन उघडायचं."

भाचा तिथून तडक सासऱ्याच्या गॅरेजवर गेला आणि सात गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "चोर!"

मिस्त्रींनी हात पुसले. गिऱ्हाइकांना हात जोडले. शटर खाली ओढलं आणि म्हणाले, "माझं नाव धुऊन निघेपर्यंत हे उघडायचं नाही." संध्याकाळी त्यांच्या मुलीने, म्हणजे भाच्याच्या बायकोने, बॅग भरली आणि दारातून तेच वाक्य नवऱ्याला ऐकवलं, फक्त शटरच्या जागी स्वतःला घातलं: बाबांचं नाव धुऊन निघेपर्यंत मी परत यायची नाही.

आज चौथा दिवस होता. भाच्याच्या शर्टावर इस्त्रीचा त्रिकोण जळलेला होता.

"पट्टा जुना निघाला, हे खरं," आत्यांनी बिल घडी करून पिशवीत टाकलं. "पण त्या दिवशी एक नवा पट्टा विकत घेतला गेला. तो हवेत विरला नसेल. तो गेला कुठे?"

२

गॅरेजच्या मागच्या दाराला सूनबाई आली. "बाबा बोलणार नाहीत," म्हणाली आणि बाजूला झाली, म्हणजे बोलतील.

मिस्त्री बंद शटरच्या आड, दिवा लावून, एकेक पाना पुसत बसले होते. पाने आधीच आरशासारखे होते.

"या विहीणबाई. चोराच्या घरी स्वागत आहे."

"व्याहीबुवा, मी उलटतपासणीला आले नाही. मोजणीला आले. त्या दिवशी काम कसं केलंत, तेवढं सांगा."

कामाचं विचारलं आणि मिस्त्री खुलले. "जुना पट्टा काढायच्या आधी त्याच्यावर पांढऱ्या, रॉकेलनेही न जाणाऱ्या रंगाचे तीन ठिपके देतो. मग नवा त्याच्याशी लावून दाते मोजायचे, आणि त्याच दात्यांवर नव्यालाही तीन ठिपके. ठिपका चक्राच्या खुणेवर बसला की जुळणी चुकायची बिशाद नाही. मग दोन्ही टांगायचे. नवा माल उजव्या खिळ्याला, जुना डाव्या. एका खिळ्याला एकच वस्तू. पस्तीस वर्षं हाच कायदा."

आत्यांनी भिंतीकडे पाहिलं. उजवा खिळा पितळेसारखा चकचकीत होता. डाव्याभोवती वीतभर काळं ग्रीस साचून भिंतीला जणू दाढी आली होती.

"आणि जुना भाग?"

"नव्याच्या खोक्यात घालून, वरून चिकटपट्टी लावून, सही करून गिऱ्हाइकाच्या हातात. उद्या कोणी म्हणू नये की मिस्त्रीने बदललंच नाही." इथे त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं आणि ते पुन्हा पाना पुसायला लागले.

"चष्मा लावता ना?"

"हिशेबाला. इंजिनाला नाही. घामाने घसरतो आणि आत पडतो. माझ्या हातांना डोळे आहेत, विहीणबाई."

आत्यांनी पिशवी सावरली. मग हळूच म्हणाल्या, "एखादे वेळी चूक..."

पाना खणकन खाली आला. "चोर म्हणा! जावईबापूंनी म्हटलंच आहे, त्यात तुमची भर. पण मी चुकलो, असं या छपराखाली म्हणू नका!"

सूनबाईने आत्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. "आत्या, तो खोका मास्तरांकडे आहे. काल मी मागायला गेले होते."

"मग?"

"दाखवला. काचेच्या कपाटात ठेवलाय. हात लावू दिला नाही. म्हणाले, उघडलात तर पोलिसांना बोलावीन."

३

पोलिसांच्या आधी आत्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानदार गोल, गुळगुळीत आणि बोलका होता. मिस्त्री इथूनच माल घेत.

"ताई, मी नव्या खोक्यात जुना पट्टा घालून विकला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"भाचा म्हणून गेला ना! भांडणाच्या दिवशीच आला, सासऱ्याला चोर म्हणून झालं होतं, घसा गरम होता, जाता जाता मलाही म्हणाला." त्याने काउंटरवर एक खोका उघडून ठेवला. "हे बघा. आमच्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं असतात आणि हा नंबर. तोच नंबर खोक्यावर. खोका माझ्यासमोर उघडून, नंबर ताडून मगच मिस्त्री माल उचलतात. चष्मा लावून, बरं का. इथे लावतात."

"त्या दिवशीही ताडला?"

"ताडला. पट्टा आणि बेअरिंग घेऊन गेले. मग तासा-दोन तासांनी परत आले, हात काळे, तोंड त्याहून काळं. पट्टा काढल्यावर दिसलं, पंप गळतोय. नवा पंप हवा. माझ्याकडे नव्हता. मागवून देईपर्यंत इथेच या स्टुलावर अर्धा तास बसले आणि मला व्यापार कसा करावा ते शिकवत होते."

"एकटेच आले होते?"

"एकटेच. मास्तर कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, गॅरेजवर बसवून आलोय, राखणीला."

आत्यांनी बिलाच्या पाठीवर दुकानदाराच्या नावापुढे काट मारली. नंबर ताडून गेलेला माल नवाच होता. म्हणजे नवा पट्टा गॅरेजपर्यंत पोचला. नंतर अर्धा तास तो भिंतीवर, आणि गॅरेजात माणूस एकच.

"हेडमास्तर कसे आहेत हो?" त्यांनी सहज विचारलं.

दुकानदार हसला. "ताई, इथे येतात तेव्हा बसायच्या आधी माझं स्टूल पुसतात. मग मला विचारतात, पुसू का?"

४

हेडमास्तरांच्या घरात पायपुसण्यालाही पायपुसणं होतं. आत्यांनी दोन्हींवर पाय पुसले, त्यामुळे त्यांना खुर्ची मिळाली.

काचेच्या कपाटात गाडीच्या फायली वर्षवार उभ्या होत्या, आणि मधल्या फळीवर तो खोका. चिकटपट्टी, पट्टीवर मिस्त्रींची सही, खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात 'जुना पट्टा. उघडू नये.'

"गाडी विकलीत, मग खोका का ठेवलात?"

"पुरावा गाडीबरोबर देत नसतात, बाई. मी गाडी खोटं सांगून विकली, असं उद्या कोणी म्हणालं तर?" त्यांनी भाच्याचं नाव घेतलं नाही, फक्त नाक जरा वर केलं.

"तुम्हाला खोटं बोलून मिळालं असतं किती?"

"काय विचारता!"

"तुमचं नाही, सगळ्यांचंच विचारते मी." आत्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. "तुम्ही नव्या पट्ट्याचे पैसे भरलेत, मजुरी भरलीत, आणि पुढे दोन वर्षं बायकोला शेजारी बसवून हीच गाडी चालवलीत. जुना पट्टा ठेवून तुम्हाला फायदा एकच, कुठल्यातरी चढावर दोघांनी अडकायचं. तुम्हीही वजा."

मास्तरांना आपण वजा झाल्याचा आनंद झाला आणि ते मोकळे झाले. "मी तर दिवसभर तिथे बसून होतो! पंप आणायला मिस्त्री गेले, मी अर्धा तास रिकामा. आता रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. तो जुना पट्टा मी घरी नेणार, आणि त्याची अवस्था ती! कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता, चिंध्या होत्या. बसलो पुसत. एकेक दाता. अहो, लखलखीत केला."

"आणि मिस्त्री आल्यावर?"

"त्यांना काय त्याचं! आले, बोलले नाहीत, कामाला लागले. शेवटी जुना खोक्यात घालून, सील करून दिला."

"तुम्ही पुसलेला पट्टा खोक्यात जाताना पाहिलात?"

"मी तेव्हा हात धूत होतो."

आत्या उठल्या. "मास्तर, खोका उघडावा लागेल."

"अशक्य! सील तोडलं की पुरावा संपला."

"न उघडलेला खोका पुरावा नसतो, मास्तर. तो नुसता विश्वास असतो. माझ्या गोदामात वरून शंभर लिहिलेली, सीलबंद, सही केलेली खोकी यायची. विश्वासावर घेतली असती, तर आज मला पेन्शन मिळाली नसती."

मास्तरांनी कपाटाची किल्ली काढली. "उघडायचाच तर सर्वांसमक्ष," ते म्हणाले. "पंच म्हणून. आणि कात्री माझी."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आला शटरचा. मिस्त्री उघडणार नव्हते. मागचं दार मास्तरांना चालणार नव्हतं, तिथे चिखल होता. शेवटी सूनबाईने शटर कमरेपर्यंत उचललं. "अर्धं उघडणं म्हणजे उघडणं नव्हे," असा बापाने निवाडा दिला, आणि मास्तर, दुकानदार, आत्या व भाचा एकामागून एक वाकून आत आले. दुकानदार मध्येच अडकला, त्याला भाच्याने ओढून घेतलं. सासऱ्या-जावयाने एकमेकांकडे न पाहण्यासाठी दोन वेगवेगळे कोपरे निवडले.

मास्तरांनी कात्री पुसली. पट्टी कापली. खोका उघडला.

आत काळा, ग्रीसने माखलेला पट्टा होता.

"बघा!" मिस्त्री म्हणाले. "जुना!"

"बघा!" भाचा म्हणाला. "तिकडे तुटला तोही जुना. मग नवा कुठाय?"

आत्यांनी बोटाने ग्रीस बाजूला सारलं. खालून पिवळी अक्षरं निघाली. दाते करकरीत, कोपरे धारदार. दुकानदाराने नंबर वाचला, खोक्यावरचा वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. त्याने नुसतं बोट ठेवलं. दोन्ही नंबर एकच होते.

नवा पट्टा दोन वर्षं काचेच्या कपाटात जपून ठेवलेला होता. जुना गाडीत फिरत होता.

सगळ्यांचे डोळे मिस्त्रींकडे वळले. भाच्याने तोंड उघडलं, आणि बायकोने नुसतं पाहिलं, तेवढ्याने ते मिटलं.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "नवा पट्टा कोणी विकून खाल्लेला नाही. पाकीट मारणारा पाकीट त्याच माणसाच्या कपाटात सील करून ठेवत नाही. ज्यात कुणालाच काही सुटत नाही ती चोरी नव्हे, ती अदलाबदल. मास्तर, पुसलेला पट्टा कुठे टांगलात?"

"खिळ्याला."

"कोणत्या?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला. "अर्थात त्या उजव्या! डाव्या खिळ्याला केवढं ते ग्रीस! अर्धा तास घासून स्वच्छ केलेली वस्तू पुन्हा त्या चिखलात टांगायची?"

"उजव्यावर आधीच एक पट्टा होता."

"होता ना. म्हणून तो काढून..." मास्तरांचा हात हवेत डावीकडे गेला आणि तिथेच राहिला. "एका खिळ्याला एकच वस्तू... म्हणून तो..."

"डावीकडे," आत्यांनी वाक्य पुरं केलं. "तिथलं ग्रीस लागून नवा जुना दिसायला लागला. पुसून जुना नवा. तीन ठिपके दोघांनाही. मिस्त्री पंप घेऊन आले, उजव्या खिळ्यावरचं उचललं आणि बसवलं. डाव्या खिळ्यावरचं खोक्यात घातलं. कायद्याप्रमाणे."

"आणि रॉकेल!" दुकानदाराला वाचा फुटली. "रॉकेलने रबर फुगतं, मास्तर. एरवी तो बिचारा आणखी दहा हजार चालला असता."

मास्तर स्टुलावर बसले. न पुसता बसले.

मिस्त्रींनी मात्र कुणाला शब्द सुनावला नाही. जावयाने सोबत आणलेला तुटका पट्टा हातात घेतला, डोळे मिटले आणि पाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"त्या दिवशीच. हाताला जरा गुळगुळीत लागला होता. म्हटलं, हल्ली नवा माल असाच येतो. खिळा उजवा होता ना." त्यांनी डोळे उघडले. "हात खरं सांगत होता, विहीणबाई. मी ऐकलं नाही. चुकलो."

चोर हा शब्द चार दिवस त्यांनी पेलला होता. हा त्याहून जड आहे, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

भाचा कोपऱ्यातून पुढे आला. "बाबा, मी त्या दिवशी..."

"इथे नाही," सूनबाई म्हणाली. "रस्त्यावर. उद्या दहा वाजता, गिऱ्हाइकं असताना. आणि आवाज त्या दिवशी होता तेवढाच लागला पाहिजे, हं."

६

आत्यांनी वाटणी करून दिली, आणि गोदामातल्या सवयीने प्रत्येकाकडून ती मान्य असल्याची सही घेतली.

वाकलेल्या व्हॉल्व्हचे पैसे हेडमास्तरांनी भरले. तक्रार केली नाही, फक्त पावती दोन प्रतींत मागितली. इंजिन उघडून जोडायची मजुरी मिस्त्रींनी अंगावर घेतली. कपाटातला पट्टा नवाच आहे तर तोच बसवू, असं भाचा म्हणाला. सासऱ्याने त्या ग्रीस मुरलेल्या रबराकडे नुसतं पाहिलं, आणि दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काढून दिला, त्याचे पैसे भाच्याने मोजले. त्या दिवशी मिस्त्री चष्मा दोरीने डोक्याला बांधून काम करत होते आणि कुणी हसलं नाही.

माफी भाच्याने दहा वाजता भरली. आवाज पहिल्या वेळी कमी पडला, म्हणून दुसऱ्यांदा भरली. बायको बॅग घेऊन घरी गेली आणि तिने तो जळका शर्ट त्यालाच रफू करायला दिला.

वाटणीत नसलेली एक रक्कम मात्र मिस्त्रींनी आपण होऊन काढली. जावयाची माफी संपल्यावर ते शटरच्या बाहेर आले, तीच सात गिऱ्हाइकं उभी होती, आणि म्हणाले, "यांनी चोर म्हटलं ते खोटं. पण पट्टा मी चुकीचा बसवला, ते खरं. माझ्या हातून ज्यांचे पट्टे बदलले असतील त्यांनी गाड्या आणा. उघडून दाखवतो. पैसे घेणार नाही."

सातांना वाटलं, हे बोलण्यापुरतं असेल. मग एकाने आणली. मग त्याच्या भावाने. आठवड्यात अकरा गाड्या रांगेला लागल्या. मिस्त्री प्रत्येकीचं वरचं झाकण काढत, मालकाच्या हातात बॅटरी देत आणि म्हणत, "माझं ऐकू नका. तुम्ही वाचा."

अकरा गाड्या, अकरा पट्टे, अकराही ठिकाणी पिवळी अक्षरं. मजुरी याही वेळी मिस्त्रींनी आपल्याच अंगावर घेतली.